तोताराम वना, वय एकाहत्तर, डावा हात

मी एक हात बोलतोय. डावा. खांद्यापासून बोटांपर्यंत शाबूत आहे, खांद्याच्या पलीकडे मला कोणी नाही.

हात कसा बोलेल, अशी शंका तुम्हाला येणारच. जळगावच्या आमच्या संस्थेतलं चार वर्षांचं रजिस्टर उघडून पाहा. पानोपानी एकच रुग्ण सापडेल: तोताराम वना, वय ७१, राहणार शिंदखेडा, व्यवसाय शेती. तो मी. चार वर्षांत माझं वय वाढलेलं नाही आणि शेतात मी एकदाही गेलेलो नाही. माझ्या नखांना लालभडक नेलपॉलिश आहे आणि अंगावर बिबट्याचे ठिपके आहेत. या सगळ्याला कारणं आहेत, आणि ती मी सांगितल्याशिवाय राहणार नाही, कारण माझ्याबद्दल गावात भलतंसलतं बोललं जातं.

माझा जन्म एका साडीच्या दुकानात, पुतळ्याच्या खांद्याला झाला. उजवा हात नुसता हवेत असायचा. पदर धरून उभं राहण्याचं काम माझं. लग्नसराईत एका बाईने पुतळ्याच्या अंगावरचीच साडी हवी म्हणून पदर ओढला आणि साडीबरोबर मीही तिच्याकडे गेलो. मला दोनदा चिकटवलं. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा मालकाने मला काउंटरखाली सरकवलं आणि पुतळ्याला त्या बाजूने शालू गुंडाळला. माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नाही, हे मला फार लागलं.

तिथे मला प्रेमराज सरांनी पाहिलं. सर रक्त तपासणाऱ्या मुलामुलींना शिकवतात. पहिलं वर्ष म्हणजे शिरेतून रक्त कसं काढायचं ते. संस्थेचे चालक नाना म्हणायचे, सरावाला वेगळा हात कशाला, मुलं एकमेकांना टोचतील की. सरांना ते पटत नव्हतं. ज्याला सुई धरता येत नाही त्याने जिवंत कातडीवर शिकू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी सर बायकोसाठी साडी घ्यायला आले होते आणि हात घेऊन घरी गेले. घरी काय झालं ते मी पिशवीतून ऐकलंय, पण सांगणार नाही.

मग मला जळगावातच मेहरूणला हबीबभाईंकडे नेलं. हबीबभाई रिक्षाच्या आणि मोटरसायकलच्या सीटा शिवतात. सरांनी कागदावर नसा काढून दाखवल्या. हबीबभाईंनी कागद उलटासुलटा केला, मला उचलून पाहिलं आणि एवढंच विचारलं की यावर कोणी बसणार आहे का. नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला खिडकी कापली, आत फोम भरला आणि नसा घातल्या.

नसा कशाच्या, विचाराल तर ठिबक सिंचनाच्या. जळगावच्या माणसाला नळी म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. पहिल्या दिवशी त्या नसांवर अकरा सुया वाकल्या. मग हबीबभाईंनी मऊ रबरी नळ्या घातल्या आणि वर रेक्झिन ताणून शिवलं. सुयांनी चाळण झाली की सर मला पुन्हा मेहरूणला नेत आणि हबीबभाई रिक्षाच्या उरलेल्या तुकड्यातून मला नवी कातडी चढवत. आधी मी चॉकलेटी होतो, मग निळा, आणि शेवटच्या वेळी त्यांच्याकडे बिबट्याचंच उरलं होतं. सर म्हणाले, छान झालं, आता डोळ्यांना नस दिसणारच नाही. नस बघायची नसते, बोटाने चाचपायची असते.

खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगून तिची नळी मला जोडली. बाटलीत गुलाबाचं सरबत. आधी कुंकवाचं पाणी भरलं होतं, पण त्याने माझ्या नसा तुंबल्या. सरबत छान वाहायचं. मुंग्या यायच्या, एवढंच.

आता नावाची गोष्ट. सरांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवला होता: नाव विचारल्याशिवाय सुईचं पाकीट फोडायचं नाही. तेही ‘तुम्ही अमुक का’ असं विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. ‘नाव सांगा’ म्हणायचं, त्याला बोलू द्यायचं, चिठ्ठीशी ताडून बघायचं, आणि मगच पुढे जायचं. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर सुई कितीही हळू टोचलेली असो, त्याला काही अर्थ नाही.

पहिल्या दिवशी पहिला नंबर अरशदचा होता. त्याने हात धुतले, हातमोजे चढवले आणि मला अदबीने विचारलं, “नाव सांगा.” मी साडीच्या दुकानातून आलेला हात, मी काय नाव सांगणार? अरशदने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, उत्तर येईपर्यंत थांब. अरशद थांबला. वर्ग थांबला. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं गेली. खाली एक फळवाला केळी विकून पुढे निघून गेला. कोणीही हसलं नाही, कारण सर गंभीर होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून म्हाताऱ्या पुरुषाचा घोगरा आवाज आला, “तोताराम वना. शिंदखेडाना शे मी.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तिथे हेमांगी होती, असोद्याहून रोज बसने येणारी, चार महिन्यांत वर्गात एक शब्द न बोललेली. तोताराम वना हे तिच्या आईचे वडील. वर्षापूर्वीच वारले होते. सुट्टीत शिंदखेड्याला राहून राहून त्यांची अहिराणी तिच्या तोंडात बसली होती. सरांनी चौकशी केली नाही. रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं आणि वय विचारलं. हेमांगीने त्याच आवाजात सांगितलं.

त्या दिवसापासून ती माझ्या टेबलामागे स्टुलावर बसायची आणि मी बोलायचो. मी तापट होतो. मुलं दंडाला पट्टा आवळून मोबाईल बघायला लागली की मी ओरडायचो की मिनिटाच्या वर पट्टा ठेवू नका, हात माझा आहे. स्पिरिट वाळायच्या आत सुई आली की चुरचुरतं म्हणायचो. पुसलेल्या जागी कोणी पुन्हा बोट लावलं की त्याला माझ्याकडून शिंदखेड्याच्या शिव्या मिळायच्या. काढलेल्या सुईला परत टोपण घालणाऱ्याला मी सांगायचो, बाबा, टोपण घालताना तुझ्याच बोटाला टोचणार, सरळ सुई तोडायच्या कटरमध्ये टाक. मुलं मला ‘आबा’ म्हणायला लागली. लाल नखांच्या हाताला आबा म्हणताना कोणाला काही वाटेनासं झालं. हेमांगीला ताप आला तर त्या दिवशी रजिस्टरमध्ये सर ‘रुग्ण गैरहजर’ असं लिहायचे.

खरा तोताराम मात्र माझ्या अगदी उलट होता. त्याने जन्मात सुई टोचून घेतली नाही. पाय बधिर झाले, जखम भरेना, सगळे म्हणाले साखर तपासू, पण हा हात पाठीमागे घेऊन बसायचा. तपासायचं राहिलं ते राहिलंच. आता त्याच्याच नावावर मला दिवसाला आठ-दहा सुया टोचल्या जात होत्या.

माझ्या मागे बसून हेमांगीला सगळं येत होतं. माझ्या पुढे आली की सुईही नीट चालायची. पण जिवंत माणूस समोर बसला की तिचा हात दगड व्हायचा. याला कारण होतं, आणि ते तिने फक्त मला सांगितलं होतं.

पहिल्याच वर्षी, चार दिवस सराव झाल्यावर, ती एक सिरिंज घरी घेऊन गेली होती. आई पुष्पाबाईने कौतुकाने हात पुढे केला. नस सापडली, रक्त आलं, आणि त्या आनंदात पट्टा सोडायच्या आधीच हेमांगीने सुई उपसली. आवळलेल्या नसेतलं रक्त कातडीखाली पसरलं. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत निळा झाला होता.  बाई आठ दिवस हातावर पदर घेऊन फिरली, केळीच्या बागेत सुद्धा. हेमांगीला ती निळाई दिसली नाही असं नाही, पदरच जास्त दिसला. शेजारणींनी विचारलंच. हेमांगीच्या वडिलांचं नाव छगन; मग असोद्यात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, छगनच्या पोरीकडे हात देऊ नका.

प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा जिवंत माणसाच्या हाताला पट्टा बांधून नुसती उभी राहिली. तिसरी परीक्षा शेवटची होती. त्यातही जमलं नाही तर नाव कमी होणार होतं आणि चार वर्षं पाण्यात जाणार होती. सरावाला ती रोज सगळ्यांच्या आधी येई आणि माझी नस चाचपत बसे. मला तिची फार काळजी वाटायची. पण नस हाताखाली देण्यापलीकडे मी काय करू शकत होतो?

त्यात अरशदने घोळ केला. खरं म्हणजे त्याने काहीच चुकवलं नाही, घोळ त्यातूनच झाला.

संस्थेने असोद्यात तपासणीचं शिबिर घेतलं होतं. शिबिरातल्या ट्यूब आमच्या वर्गात आल्या, पेटीत भरून लॅबला जायच्या होत्या. त्याच वेळी अरशदने माझं रक्त काढलं. शिकवल्याप्रमाणे माझ्यासमोरच ट्यूबवर चिठ्ठी लावली, नाव, वय, तारीख, वेळ, आणि शिकवल्याप्रमाणे ती पेटीत ठेवली. पेटी गेली. दुपारी लॅबमधून फोन आला. तिथल्या बाई घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, रक्त गोठत नाही, सीरम सुटत नाही आणि साखर मशीनमध्ये मावत नाही. रुग्ण शुद्धीत आहे का?

सर म्हणाले, तो कधीच शुद्धीत नव्हता.

जेवतो का?

नाही.

बोलतो का?

“हेमांगी असली की बोलतो,” सर म्हणाले. सर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे.

अर्ध्या तासात रुग्णवाहिका आमच्या जिन्याखाली उभी. दोघं जण स्ट्रेचर घेऊन वर आले आणि तोताराम वना कुठे आहेत म्हणून विचारू लागले. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मला बघितलं, माझ्यावरच्या मुंग्या बघितल्या, आणि स्ट्रेचर घेऊन खाली गेले. जिन्यात एकजण दुसऱ्याला म्हणत होता की साखर खरंच जास्त आहे.

नाना संतापले. संस्थेची अब्रू गेली म्हणाले. सरांचं म्हणणं एकच, चिठ्ठी बरोबर होती. त्यावर नाना आणखी संतापले. त्यांनी हुकूम काढला: हाताचे लाड पुरे. यंदाची परीक्षा फक्त जिवंत माणसावर, ज्याने त्याने आपापला माणूस आणायचा, आणि हा हात कपाटात.

हेमांगीने असोद्यात दारोदार विचारलं. कोणी बागेत पाणी सोडायला चाललं होतं, कोणाला त्याच दिवशी भुसावळला जायचं होतं. एक काकू म्हणाल्या की त्यांच्या हातात नसच नाही. शेवटी पुष्पाबाई म्हणाल्या, मी येते. हेमांगी नको म्हणाली. हे तिने मला कपाटाच्या दाराबाहेरून सांगितलं. म्हणाली, “आबा, दुसऱ्या कोणाचा हात बिघडला तर मी नापास होईन, पण तिचा पुन्हा बिघडला तर मी घरी कशी जाऊ?” मी कपाटात होतो, माझा आवाज बाहेर होता. 

परीक्षेच्या दिवशी धुळ्याहून परीक्षक मॅडम आल्या. त्यांनी आधी रजिस्टर मागवलं. पानं उलटता उलटता त्यांचा चष्मा नाकावर घसरला. एकाच माणसाचं चार वर्षांत सहा हजारांवर वेळा रक्त काढलेलं होतं. त्या म्हणाल्या, या तोतारामांना आधी माझ्यासमोर आणा, त्याशिवाय परीक्षा सुरू होणार नाही. नानांनी घाम पुसला. सरांनी मला कपाटातून काढलं, धूळ झटकली आणि रुग्णांच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसवलं. गळ्यात, म्हणजे खांद्याला, माझी चिठ्ठी होतीच. मॅडमनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग रजिस्टरमध्ये ‘रुग्ण हजर’ असं लिहून सही केली. धुळ्याची माणसं कागदाला फार जपतात.

अशा रीतीने मी परीक्षेला हजर राहिलो. एकेक मुलं येऊन जात होती. शेवटी हेमांगीचं नाव पुकारलं, आणि तिच्यामागून पुष्पाबाई आत आल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे त्यांनी सहज पाहिलं, मग चिठ्ठीकडे पाहिलं. त्यांना वाचायला वेळ लागतो असं वाटून सरांनी मदत केली आणि मोठ्याने वाचलं, “तोताराम वना, राहणार शिंदखेडा.”

 हेमांगीने हे घरी कधी सांगितलं नव्हतं. पुष्पाबाईंनी माझ्या ठिपक्यांवरून नजर फिरवली आणि ती नखांवर येऊन थांबली. लग्न होऊन असोद्याला आल्यापासून त्या असोद्यासारखंच बोलतात. त्या क्षणी मात्र माहेरची भाषा तोंडात आली.

“मना बापना हातले नखपालिश कोनी लाई?”

अरशद दाराबाहेर निघून गेला. तो खोकत होता असं तो आजही सांगतो. सर काहीतरी बोलू लागले, साडीचं दुकान, मेहरूण, सीटा. पुष्पाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

“बोलस का हाऊ?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, हेमांगी असली की बोलतो.

पुष्पाबाईंनी लेकीकडे पाहिलं. काय समजायचं ते त्या समजल्या. आया फार विचित्र असतात. मग त्यांनी बाही वर सारली आणि तोच हात पुढे केला, जो आठ दिवस पदराखाली होता. हेमांगीचा रंग उडाला. तिने हात धुतले होते, हातमोजे घातले होते, पण त्यापुढे ती जागची हलेना. मॅडमनी घड्याळात पाहिलं.

कसंबसं हेमांगी म्हणाली, “नाव सांगा.”

“तुले मायनं नाव मालूम नही?”

धुळ्याच्या मॅडम म्हणाल्या, ताई, विचारलंय ते सांगा. पूर्ण नाव.

“पुष्पाबाई.”

“पूर्ण.”

“पुष्पा तोताराम.”

चिठ्ठीवर ‘पुष्पाबाई छगन’ होतं. जुळेना. नाव जुळल्याशिवाय सुईचं पाकीट फोडायचं नाही. सर हताशपणे फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि सांगितलं की नवऱ्याचं नाव सांगा, नाहीतर ओळख पटली नाही असं लिहावं लागेल. पुष्पाबाई एरवी सरकारी कचेरीत नवऱ्याचं नाव घेतात, त्यात काही नाही. पण आज त्यांनी माझ्याकडे बघून पदर सारखा केला.

“बाप बठेल शे आठे,” त्या म्हणाल्या. “त्याना समोर मालकनं नाव कसं लेऊ?”

आता बघा, एका रेक्झिनच्या हातासमोर नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटते म्हणून एका पोरीची चार वर्षं बुडत होती. नानांनी कपाळाला हात लावला. मॅडमना काय लिहावं ते कळेना. आणि तेवढ्यात खोलीत तो घोगरा आवाज आला.

“ले माय, ले. माले कान कोठे शेतस?”

हेमांगी बोलली होती. ठरवून नाही, सवयीने. चार वर्षं कोणी माझ्याशी बोललं की ती उत्तर देत आली होती. पुष्पाबाईंनी डोळे मिटले. बापाचा आवाज त्यांनी चार-पाच वर्षांनी ऐकला होता. मग त्यांनी नाव घेतलं, तेही रीतीप्रमाणे:

“केळीच्या बुडाशी पाणी येतं थेंबाथेंबानं, छगनरावांचं नाव घेते लेकीच्या परीक्षेच्या निमित्तानं.”

मॅडमनी ओळख पटल्याची खूण केली.

“आता मी याच्याशी बोलते,” पुष्पाबाई लेकीला म्हणाल्या, “तू तुझं काम कर.” आणि माझ्याकडे वळल्या. हेमांगीने पट्टा बांधला. मी तिचा हात पाहिला. तो हलत होता, दगड झाला नव्हता.

“आबा, साखर व्हती ना तुमले?”

“व्हती,” मी म्हणालो, म्हणजे हेमांगी म्हणाली. तिचं बोट आईच्या कोपरात नस शोधत होतं.

“मशीनमा बी मावनी नही म्हनतस. आम्ही सांगी सांगी दमनूत. मंग सुई टोचू का दिन्ही नही?”

याचं उत्तर हेमांगीला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. ज्याला होतं तो उत्तर न देता गेला होता. तिने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि वाळायची वाट पाहिली. ती खाली मान घालून होती, आणि आवाज हळू आला.

“भ्याव वाटे माय.”

“सुईनं?”

“सुईनं नही. कागदवर काय निंघी, त्यानं.”

 पुष्पाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. हेमांगीने कातडी ताणली, सुईचं तोंड वर ठेवलं आणि सुई आत गेली. ट्यूबमध्ये रक्त आलं. खरं, गडद, ज्याला एकही मुंगी येणार नाही असं. ट्यूब भरली. हेमांगीचे डोळेही भरलेले होते, तिला नीट दिसत नसावं, आणि तिचा हात सुई काढायला वळला.

पट्टा बांधलेलाच होता.

सरांना तो दिसला. त्यांचं तोंड उघडलं, पण परीक्षेत शिक्षकाने बोलायचं नसतं. मॅडमना दिसला. त्यांनी पेन टेकवलं. पुष्पाबाईंना तर तो दंडाला जाणवतच होता, पण त्या तशाच बसून राहिल्या, जशा त्या दिवशी घरी बसल्या होत्या.

“पट्टा सोड वं पोरी.”

हेमांगीने पट्टा सोडला. मग बोळा ठेवला, सुई काढली, दाबून धरलं. कोपर दुमडू नका म्हणून आईला सांगितलं. सुई कटरमध्ये टाकली, आईच्या समोरच ट्यूबवर चिठ्ठी लावली आणि नाव मोठ्याने वाचलं. पाच मिनिटांनी मॅडमनी बोळा उचलून पाहिला. टाचणीच्या टोकाएवढा एक लाल ठिपका होता. मॅडमनी पुष्पाबाईंना पाणी दिलं, आणि जाताना मला नमस्कार केला. तो त्यांनी चुकून केला असेल.

आता तुम्ही विचाराल, ‘पट्टा सोड’ कोण म्हणालं? हेमांगी म्हणते की तीच म्हणाली, सवयीने. सर म्हणतात की तिचे ओठ हलले नव्हते, ती ते दातांखाली धरून होती. सर खोटं बोलत नाहीत हे मी आधीच सांगितलंय. पुष्पाबाईंचं मत विचारलं तर त्या फक्त हसतात. मी म्हणालो, असं माझं प्रामाणिक मत आहे. सहा हजार वेळा तेच ऐकलेला हात एकदा ते म्हणू शकत नाही का?

हेमांगी पास झाली. पुढच्याच महिन्यात संस्थेत नवा सिलिकॉनचा हात आला. गोरा, गुबगुबीत, नसा स्पर्शाला कळणाऱ्या. नाव नाही. नानांनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. हे कळल्यावर पुष्पाबाई असोद्याहून बसने आल्या, नानांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बापाला कोणी भंगारात देतं का. नानांनी मला त्यांच्या हाती दिलं. पुष्पाबाईंनी मला स्वच्छ धुतलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्या. माझी बोटं टॉवेलबाहेर राहिली होती. शेजारची बाई पुढच्या थांब्यावर उठून दुसरीकडे जाऊन बसली. घरी त्यांनी माझी नखं रॉकेलने घासून पाहिली, पण साडीच्या दुकानाचा रंग पक्का आहे.

हल्ली मी असोद्यात, हेमांगीच्या खोलीत असतो. ती गावातून रक्त गोळा करून जळगावला पाठवते. छगनच्या पोरीकडे हात देऊ नका म्हणणाऱ्या काकू आता सकाळी उपाशीपोटी रांगेत बसतात, आणि त्यांच्या हातात नस आहे. रेक्झिन पाच ठिकाणी फाटलंय. हबीबभाईंना निरोप धाडलाय, या वेळी ठिपके नकोत म्हणून. नसा कोरड्या आहेत. बाटली नाही, सरबत नाही. मुंग्या अजून येऊन बघून जातात, त्यांना जुनी ओळख आहे.

मला आता फार काही मागायचं नाही. तुमच्यापैकी कोणी शिकत असाल तर घाई करू नका. नाव विचारा, आणि विचारल्यावर थांबा. पट्टा आधी, सुई नंतर. आणि खुर्चीवर बसणारे असाल तर हात पाठीमागे घेऊ नका. तोतारामने घेतला होता. कागदावर जे निघायचं ते हात लपवल्याने पुसलं जात नाही, फक्त उशिरा कळतं.

हेमांगी आता माझा आवाज काढत नाही. जिवंत माणसांशी ती स्वतःच्या आवाजात बोलते, तेच बरं आहे. पण रोज सकाळी खोली उघडली की पहिल्या माणसाला आत बोलवायच्या आधी ती हात धुते, हातमोजे चढवते आणि माझ्यासमोर येऊन विचारते, “नाव सांगा, आबा.”

मी सांगतो. तिला ऐकू येतं की नाही, मला माहीत नाही. पण माझं पूर्ण नाव सांगून होईपर्यंत ती थांबते.